पावसाळ्यापूर्वीची बेगमी

(पिंपरी-चिंचवड परिसरातील तांत्रिक कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



नोकरी सांभाळून स्वतंत्रपणे करावयाचे आरेखनाचे काम, म्हणजे ज्याला आपण सर्व ‘ड्राफ्टिंग’ म्हणतो ते, आणि नोकरी गेलीच तर त्याचा होणारा आधार, असा आजचा विषय आहे. मी कला शाखेचा पदवीधर. मला सरळ रेषा ओढता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु उद्योगविषयक वार्तांकनाच्या निमित्ताने आरेखकांच्या टेबलाशेजारी मी बराच काळ बसलो आहे, आणि या मंडळींच्या हातातील विद्येची किंमत त्यांच्या स्वतःच्यापेक्षा मला अधिक वाटत आली आहे.

1982 हे वर्ष आपण महाराष्ट्रात गिरणी संपाचे म्हणून ओळखतो. त्या वर्षीच्या 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा कापड कामगार संपावर गेला आणि पुढे गिरणगावाचे काय झाले, ते येथे सांगण्याचे कारण नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ऑटोडेस्क नावाची एक लहानशी कंपनी निघाली आणि वर्षअखेरीस तिने ऑटोकॅड बाजारात आणले. एका घटनेची बातमी रोज पहिल्या पानावर होती, दुसरीची आपल्याकडे कोणी दखलही घेतली नाही. परंतु ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपरवर चुकलेली रेघ ब्लेडने अलगद खरवडणारे हात आणि अमोनिया प्रिंटचा तो नाकात शिरणारा वास, हे सगळे जग त्या दुसऱ्या घटनेने हळूहळू संपवले. ‘ट्रेसर’ नावाचे पदच कारखान्यांतून नाहीसे झाले. ना मोर्चा निघाला, ना घोषणा झाल्या. पद रिकामे झाले, ते पुन्हा भरले गेले नाही, इतकेच.

यानंतरची संकटे आपण सर्वांनी अनुभवली आहेत. 2008च्या अखेरीस या पट्ट्यातील वाहन उद्योगाने काही काही दिवस उत्पादन बंद ठेवले, 2019 मध्ये पुन्हा तेच झाले आणि मार्च 2020 मध्ये तर सारा देशच कुलूपबंद झाला. प्रत्येक वेळी ‘आपल्या कंपनीत असे होणार नाही’ असे म्हणणारे लोक मला भेटले. कायद्याप्रमाणे कपात झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळते. म्हणजे वीस वर्षे घासल्यावर ढोबळमानाने दहा महिन्यांचा पगार. तोही कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला. आपल्यापैकी अनेकांच्या नेमणूकपत्रावर ‘ऑफिसर’ किंवा ‘सुपरवायझर’ असा मानाचा शब्द लिहिलेला असतो. त्या मानाची किंमत कपातीच्या दिवशी कळते.

आता बाहेरच्या कामाने नेमके काय साधते, ते हिशेबानेच पाहू. समजा, घरखर्च महिना चाळीस हजार आहे आणि शिल्लक दोन लाख चाळीस हजार. नोकरी गेली, तर ही शिल्लक सहा महिने पुरेल. परंतु आधीपासून महिना बारा हजारांचे बाहेरचे काम चालू असेल, तर शिलकीतून अठ्ठावीस हजारच काढावे लागतील आणि तीच रक्कम साडेआठ महिने पुरेल. पूर्ण वेळ मिळाल्यावर ते काम दुप्पट झाले, तर पंधरा महिने. म्हणजे या कामाने पगार भरून निघत नाही, भरून निघेल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते काम वेळ मिळवून देते. सहा महिन्यांनी हातघाईवर येऊन मिळेल ती नोकरी पत्करणारा माणूस आणि वर्षभर थांबून निवड करू शकणारा माणूस, या दोघांच्या पुढील दहा वर्षांत फार अंतर पडते.

मात्र येथे एक मोठी मेख आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी विचार तिच्यावरच होतो. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी करणारा आरेखक बाहेरचे कामही बहुधा भोसरी-चाकणच्या तशाच लहान कारखान्यांचे घेतो. ओळखी तिथेच असतात, हे स्वाभाविक आहे. पण मंदी येते तेव्हा मोठ्या कारखान्यापाठोपाठ लहानाचीही मागणी आटते. पगार आणि जोडधंदा एकाच आठवड्यात थांबतात. धान्याची दोन्ही पोती एकाच गळक्या छपराखाली ठेवण्यासारखेच हे झाले. म्हणून जोडकाम शक्यतो वेगळ्या क्षेत्रातले हवे.

असे क्षेत्र कोणते? पुणे-मुंबईच्या जुन्या गृहनिर्माण संस्थांकडे पाहा. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण महानगरपालिका कायद्यांनी बंधनकारक केले आहे आणि पुनर्विकासाची चर्चा तर प्रत्येक सोसायटीत चालू आहे. यांपैकी कितीतरी इमारतींचे मूळ नकाशे गहाळ झालेले किंवा वाळवीने खाल्लेले असतात. इमारत प्रत्यक्ष मोजून तिचा आहे तसा नकाशा तयार करणे, हे चिकाटीचे काम आहे आणि ते करणारी माणसे अभियंत्यांना हवी असतात. राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. मंजुरीचे नकाशे संगणकाने तपासण्याची पद्धतही पालिकांत रुळली. कोणती रेघ कोणत्या लेयरवर हवी, याची शिस्त तिथे अत्यंत काटेकोर असते. मात्र एक पथ्य : नकाशावर सही वास्तुविशारदाची किंवा परवानाधारकाचीच. 1972च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तीलाच दिलेली आहे. आपण आरेखक आहोत आणि आरेखक म्हणवून घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

यांत्रिक आरेखनाशी जवळीक राखून छपर बदलायचे असेल, तर पेटंट अर्जांसाठी लागणारी चित्रे हा आणखी एक मार्ग. त्या चित्रांची शिस्त वेगळी. ए-फोर आकाराचा कागद, ठरलेले समास, प्रत्येक भागाला संदर्भ क्रमांक, आणि नेहमीसारखी मापे टाकायची नाहीत. पेटंट वकिलाला अशी चित्रे वेळेत काढून देणारा माणूस मिळाला, की तो त्याला सहसा सोडत नाही.

परदेशातील काम घेणाऱ्यांना एक सूचना. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे आपण ‘फर्स्ट अँगल’ पद्धतीने दृश्ये मांडतो, अमेरिकेत ‘थर्ड अँगल’ चालते. कोपऱ्यातील ते छोटे शंकूचे चिन्ह पाहिले नाही, तर उजवी बाजू डावी होऊन बसते आणि धातू कापला गेल्यावरच ते कळते. शिवाय तिकडे मापे इंचांत. पहिल्याच कामात असे घडले, तर दुसरे काम येत नाही.

नोकरी करताना बाहेरचे काम करणे योग्य आहे का, हा प्रश्न येथे कोणीतरी विचारणारच. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या तीनशे जणांना काढून टाकल्याचे जाहीर केले, तेव्हा यावर पुष्कळ वाद झाला. माझे मत स्पष्ट आहे. नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरच्या कामाला मनाई असेल, तर लेखी परवानगी मागा. ती न मिळाल्यास काम घेऊ नका, तो वेळ नवे शिकण्यात आणि ओळखी वाढवण्यात घाला. कंपनीचा संगणक, कंपनीचे सॉफ्टवेअर, कंपनीची ड्रॉइंगे यांना हात लावायचा नाही. ज्या मिठावर घर चालते, त्याच्याशी प्रतारणा करून उभा केलेला जोडधंदा संकटात उपयोगी पडत नाही. उलट तोच संकट होतो.

चोरून मिळवलेले सॉफ्टवेअरही तसेच. ऑटोडेस्कने कायमस्वरूपी परवाने विकणे 2016 मध्ये बंद केले, आता भाडे भरावे लागते आणि ते सर्वांना परवडत नाही, हे मान्य. परंतु एकदाच पैसे भरून मिळणारी, डीडब्ल्यूजी फाइल उघडणारी इतर कंपन्यांची सॉफ्टवेअरे आहेत. यांत्रिक कामासाठी विनामूल्य फ्रीकॅड आहे, ज्याची 1.0 ही आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली.

पैसे वसूल करणे हा मराठी माणसाचा सर्वांत दुबळा विषय! काम चोख करतो आणि बिल मागताना लाजतो. म्हणून सांगतो, उद्यम नोंदणी करून घ्या, तिला शुल्क लागत नाही. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमाप्रमाणे नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेच लागतात. करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. कोर्टात कोणी जाणार नाही, मलाही ठाऊक आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की कारकून ते गठ्ठ्यात वर ठेवतो. आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी थोडेच बोलतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. जुना नकाशा पाहून तसाच उतरवण्याचे काम यंत्राकडे जाणार, जसे ट्रेसरचे गेले. पण जिन्याखाली वाकून टेप धरणे, तुळईची जाडी प्लास्टरखाली किती असेल याचा अंदाज बांधणे, ‘ही मापे एकमेकांशी जुळत नाहीत, साहेब’ असे अभियंत्याला सांगणे, याला अजून माणूसच लागतो. आपले जोडकाम या बाजूचे असावे.

येथे एका भगिनीची चिठ्ठी आली आहे. त्या लिहितात, ‘माझे यजमान गेले वर्षभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत असे काम करतात. मुलांना रविवारीही भेटत नाहीत. नोकरी तर अजून गेलेली नाही.’

ताई, तुमचा प्रश्न माझ्या सगळ्या भाषणाहून महत्त्वाचा आहे. बेगमी करता करता घरच उपाशी राहू लागले, तर मोजमाप चुकले आहे. मला भेटलेल्या आरेखकांत ज्यांचे जोडकाम टिकले, ते रोज दीड-दोन तासच बसत आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस संगणक बंद ठेवत. त्यांचा नियम साधा होता : एका वेळी दोनच गिऱ्हाइके, तिसऱ्याला पुढच्या महिन्याची तारीख. हिशेबाची वही बहुतेक घरांत गृहिणीकडे असे. तुमच्या घरी ती कोणाकडे आहे? तुमच्याकडे नसेल, तर आज रात्री ती मागून घ्या. वर्षभरात किती तास गेले आणि किती पैसे आले, हे दोघांनी मिळून मांडा. ताशी दर मजुरीपेक्षाही खाली निघाला, तर त्यातले कोणते गिऱ्हाईक सोडायचे, ते यजमानांना तुम्हीच सांगा.