शब्द राबला की वाढतो



इंग्रजीतील ‘सेट’ हा तीन अक्षरांचा, अगदी घरगुती शब्द. सूर्य मावळला की तो ‘सेट’ होतो आणि सिमेंट घट्ट झाले की तेही ‘सेट’ होते. मोडलेले हाड, अंगठीतील खडा, घड्याळाचा गजर, प्रश्नपत्रिका, सापळा, गलबताचे शीड, छापखान्यातील खिळे या साऱ्यांना हे एकच क्रियापद पुरते. त्याला ‘आउट’ जोडले की माणूस प्रवासाला निघतो, ‘अप’ जोडले की संस्था उभी राहते आणि ‘असाइड’ जोडले की न्यायालयाचा निकाल रद्दबातल होतो.

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदले गेले. त्यांचे विवरणच सुमारे ६० हजार शब्दांचे झाले. पुढे २०११ मध्ये ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्याला मागे टाकले.

हे वैभव आले कोठून? ‘सेट’चा मूळ अर्थ ‘बसवणे’. संस्कृतातील ‘सद्’ हा धातू त्याच कुळातला. सदन, परिषद, उपनिषद हे शब्द त्या धातूपासूनच झाले. ‘संच’ या अर्थाचे नाम मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले आणि उच्चारसाम्यामुळे यात मिसळून गेले. इंग्रजांनी हा शब्द जहाजावर, छापखान्यात, न्यायालयात शतकानुशतके राबवला. नवे काम निघाले की आधी घरचा शब्द त्याला जुंपला.

मराठीचे ‘बसवणे’ तरी कोठे उणे आहे? गणपती बसवतात, घट बसवतात, खडा बसवतात, हाड बसवतात. नाटक, चाल, कर, वचक, घडी हे सारे बसवलेच जाते. तरीही आज घरोघरी दही ‘सेट’ होते, मुलगा नोकरीत ‘सेट’ होतो आणि संगनमताला ‘सेटिंग’ म्हणतात. दही लागणे, मुलगा मार्गी लागणे, हे प्रयोग मागे पडू लागले आहेत. टेनिसमधला ‘सेट’ खुशाल राहावा. तो खेळाबरोबरच आला. परंतु एका पाहुण्या शब्दासाठी घरच्या दहा क्रियापदांना बाहेर काढणे, हा व्यवहार तोट्याचा आहे.

१८५७ साली लंडनच्या भाषाशास्त्रीय संस्थेत ऑक्सफर्ड कोशाचे बीज पडले. त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुमारे ६० हजार शब्दांची दुसरी आवृत्ती निघाली. पुढे दाते-कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. शब्द जपण्याचे काम त्या पिढ्यांनी चोख केले. पण कोशात शब्द नुसता सुरक्षित राहतो. जगतो तो बोलण्यात. उद्या सकाळी दही नीट ‘लागले’ का, एवढे घरात विचारले गेले, तरी एका शब्दाचे आयुष्य वाढेल.