आकडा आणि आज्ञा



बर्फाखाली दडलेल्या ज्वालामुखींवर नागपूरच्या गांधीबागेत व्याख्यान कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटींच्या आसपास वर्षे लोटली. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे आणि तिथे बर्फाचा कण नाही. तरीही हा विषय घेतला, कारण वरच्या अंगाला साठलेले पाणी एकाएकी सुटावे आणि खालच्या वस्तीच्या हाती मोजके तास उरावेत, या संकटाचा कसून अभ्यास या पर्वतांभोवती झाला आहे. त्या अभ्यासातून मला एकच गोष्ट ठसठशीतपणे दिसते: कोणत्या आकड्याला कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असेल, तरच मोजमाप माणसाचा जीव वाचवते.

आइसलँडमध्ये व्हाटनायोकुल या विशाल हिमनदीखाली अनेक ज्वालामुखी आहेत. जमिनीच्या उष्णतेने बर्फ तळातून वितळतो, पाणी बर्फाखालीच साठत राहते आणि त्याचा दाब पुरेसा वाढला की ते हिमनदीच्या तळातून वाट काढून नदीत कोसळते. डोळ्यांना हे काहीच दिसत नाही, म्हणून तिथले शास्त्रज्ञ चारही बाजूंनी कानोसा घेतात. भूकंपमापकांवर पाण्याची आणि लाव्हाची हालचाल उमटते. जीपीएसमुळे बर्फाचा पृष्ठभाग किती वर आला किंवा खचला ते कळते. विमानातून बर्फावरचे खड्डे मोजले जातात. आणि नदीच्या पाण्याची विद्युतवाहकता सतत तपासली जाते. ज्वालामुखीच्या पोटातून आलेल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे नदी फुगण्याआधीच ही वाहकता वाढू लागते. नदी चढण्यापूर्वी तिची चव बदलते, असे म्हणा ना.

1996 साली या व्यवस्थेची परीक्षा झाली. 30 सप्टेंबरला बर्फाखाली उद्रेक सुरू झाला आणि वितळलेले पाणी ग्रिम्सव्होत्नच्या सरोवरात जमू लागले. सरोवरावरचा बर्फ किती उचलला जातो आहे यावर शास्त्रज्ञांची नजर होती. पूर येणार हे निश्चित होते. दिवस तेवढा ठाऊक नव्हता. 5 नोव्हेंबरला तो आला आणि ऐन भरात सेकंदाला सुमारे 50 हजार घनमीटर पाणी वाहिले. पूल वाहून गेले, रस्ता मोडला, पण माणूस एकही दगावला नाही. रस्ता आधीच बंद केलेला होता. निसर्गाला कोणी थोपवले नव्हते. त्याच्या वाटेतून माणसे मात्र वेळेवर बाजूला झाली होती.

याच्या अकरा वर्षे आधी कोलंबियात नेमके उलट घडले. नेवादो देल रुईस हा पाच हजार मीटरहून उंच, बर्फाची टोपी घातलेला ज्वालामुखी वर्षभर धुसफुसत होता. कोणत्या गावांना धोका आहे हे दाखवणारा नकाशा 1985 च्या ऑक्टोबरमध्ये तयार झाला होता आणि आर्मेरो हे गाव त्यात धोक्याच्या पट्ट्यात होते. 13 नोव्हेंबरच्या रात्री उद्रेक झाला. तो फार मोठा नव्हता; शिखरावरच्या बर्फाचा अवघा दहावा हिस्सा वितळला. पण त्या पाण्याने राख आणि दगडमाती सोबत घेत दऱ्यांतून धाव घेतली आणि चिखलाचा लोंढा दोनएक तासांत आर्मेरोवर आला. 23 हजारांच्या आसपास माणसे गेली. ज्ञान होते, नकाशा होता, वेळही होता. गाव सोडा, असे वेळेवर सांगणारा अधिकारी आवाज तेवढा नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो: आइसलँड श्रीमंत आणि विरळ वस्तीचा देश, त्याची तुलना गरीब, दाट वस्तीच्या देशांशी कशी करायची? आक्षेपात तथ्य आहे. ओसाड वाळूवरचा रस्ता बंद करणे आणि भरलेले गाव रात्री रिकामे करणे यांत फार अंतर आहे. पण आर्मेरोच्या लोकांना महागडे यंत्र नको होते. जवळच्या उंच जमिनीपर्यंत चालत जायला पुरेसा अवधी हवा होता, आणि तो निसर्गाने दिला होता. पैशाने उपकरणे वाढतात हे खरे, पण निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरवायला पैसा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इशारा खोटा ठरला तर? दोनदा दुकाने बंद करायला लावली आणि काहीच झाले नाही, तर तिसऱ्यांदा व्यापारी शटर ओढणार नाही. गांधीबागेच्या कापडबाजाराला एक बंद दिवस किती महाग पडतो हे आपण जाणता. पण यावर उपाय गप्प बसणे हा नव्हे. इशाऱ्याच्या पायऱ्या ठरवाव्यात, प्रत्येक पायरीची कृती वेगळी ठेवावी आणि लोकांकडून तिचा सराव करून घ्यावा. आइसलँडमध्ये 2006 साली एका मोठ्या ज्वालामुखीच्या पायथ्याच्या गावांनी स्थलांतराचा सराव केला होता. एप्रिल 2010 मध्ये शेजारच्या एयाफ्याटलायोकुलचा उद्रेक झाला तेव्हा सुमारे आठशे लोक घाईगोंधळाविना बाहेर पडले. महामार्ग तर प्रशासनानेच मुद्दाम खणून पुराला वाट करून दिली आणि पूल वाचवला. सराव केलेल्या माणसाला फुकट गेलेला इशारा फसवणूक वाटत नाही. तो त्याला आणखी एक सराव वाटतो.

आपल्या देशात बर्फाखालचा ज्वालामुखी नसला तरी हिमनद्यांची सरोवरे आहेत. सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवराचा धोका शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत होते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये तिथे कॅमेरे आणि हवामानाची उपकरणे बसली. खालच्या गावांना आपोआप सावध करणारी साखळी पूर्ण होण्याआधीच 3 ऑक्टोबरच्या रात्री सरोवर फुटले, आणि चुंगथांगचे तिस्ता प्रकल्पाचे धरण वाहून गेले. पाण्याने साखळी पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही.

आणि त्याच्या दहाएक दिवस आधी आपल्या नागपुरात काय झाले? 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेपर्यंत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि लोक झोपेत असताना नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरले. चार जीव गेले. ढगांचे पाणी आणि हिमनदीचे पाणी एक नव्हे, असे कोणी म्हणेल. उगम वेगळा आहे हे मान्य. पण वर साठा, मध्ये आकसलेले पात्र आणि खाली वस्ती, ही रचना तीच आहे. उलट आपला तलाव शहरातच असल्याने आपल्या हाती आर्मेरोपेक्षाही कमी वेळ आहे, म्हणून निर्णय अधिक आधी ठरलेला हवा. सांडव्यापाशी झालेली बांधकामे आणि नदीचे पात्र यांवर नंतर पुष्कळ चर्चा झाली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. ते आवश्यकच होते. पण रुंद केलेल्या पात्रालाही मर्यादा असते, आणि ती ओलांडली जाईल त्या रात्रीसाठी इशारा लागतो.

या शहरात हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, दूरसंवेदनाची केंद्रे आहेत. तज्ज्ञांची वाण नाही. म्हणून आपण नागरिकांनी महापालिकेकडे चार साध्या गोष्टींचा आग्रह धरावा: तलावाची कोणती पातळी म्हणजे कोणता इशारा हे जाहीर व्हावे, रात्री दोन वाजता भोंगा वाजवण्याचा अधिकार कोणाचा, हे नावानिशी ठरावे, नदीकाठच्या प्रत्येक वस्तीला जायची उंच जागा माहीत असावी, आणि दर वर्षी मृग लागण्यापूर्वी याचा एक सराव व्हावा. यांतले काहीही खर्चिक नाही. पुढच्या पावसाळ्याआधी हे मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.