ओढ्याकाठचा साप



आज आपण सापाविषयी बोलू. साप म्हटला की अंगावर काटा येतो. पण ज्याच्याशी वरचेवर गाठ पडते, त्याची ओळख असलेली बरी.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा, मांजरा, बोरी, सीना या नद्या आहेत. त्यांना गावोगावचे ओढे मिळतात. उन्हाळ्यात ओढा आटतो. डोहात तेवढे पाणी उरते. तिथे मासे आणि बेडूक गोळा होतात. त्यांच्यामागे साप येतो. बाया धुणे धुवायला जातात, पोरे म्हशी घेऊन जातात. कुणीतरी ओरडते, "साप! साप!" की निघाल्या काठ्या!

पाण्यातला तो साप बहुधा दिवड असते. कोणी तिला विरोळा म्हणतात. तिच्या अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे चौकोन असतात. डोळ्याखालून दोन काळ्या, तिरप्या रेघा निघतात. ती बिनविषारी आहे. पण डिवचली की मान उचलते आणि चपटी करते. लोकांना वाटते, नागच! ते नुसते सोंग, बरं का. मात्र ती चावरी आहे. उगीच हात लावू नये.

आता विषारी साप. आपल्याकडे मुख्य चार आहेत.

पहिला नाग. तो फणा काढतो. पण निवांत असला तर फणा दिसत नाही. बेडकासाठी तोही पाण्याकडे येतो.

दुसरी मण्यार. रंग काळा, निळसर, चकचकीत. अंगावर पांढरे, बारीक आडवे पट्टे. ती रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. तेव्हा कुठे कळते!

तिसरी घोणस. अंग जाड, डोके तिकोनी. पाठीवर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते.

चौथे फुरसे. लांबी हात-दीड हात. डोक्यावर बाणासारखी खूण. अंगाला अंग घासून खरखर आवाज करते. ते खडकाळ माळावर राहते.

यांच्यासारखे दिसणारे गरीब सापही आहेत. धामण नागासारखी वाटते, पण तिला फणा नाही. ती उंदीर खाते, आपली ज्वारी राखते. कवड्या मण्यारीसारखा दिसतो. त्याचे पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात. मण्यारीचे नेमके उलटे असते. डुरक्या घोणस घोणशीसारखी दिसते, पण तिची शेपटी आखूड असते.

ही ओळख लांबून पाहण्यासाठी आहे. निम्मे साप गैरसमजाने मरू नयेत, म्हणून आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही साप मारायला मनाई आहे. नागपंचमीला नाग पुजायचा आणि दुसऱ्या दिवशी दिवड ठेचायची, हे बरे नव्हे.

पण साप चावला, तर ओळख पटवत बसू नका. "ती दिवडच होती," असे म्हणून घरी थांबू नका. अंधारात, भीतीने नजर चुकते. साप मारून नेण्याचीही गरज नाही. दवाखान्यातले औषध या चारही सापांच्या विषावर चालते. ते घोड्याच्या रक्तापासून करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ते वर्षानुवर्षे बनवले आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मांत्रिकाने कितीतरी माणसे वाचवली!" आम्ही सांगतो, ती का वाचली ते ऐका. पुष्कळ साप बिनविषारीच असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे मंत्राशिवायही वाचली असती. ज्याला खरे विष चढते, त्याचा वेळ मंत्रात जातो, आणि मग माणूसच जातो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा:

चावलेल्याला धीर द्या. त्याला पळू देऊ नका, चालवू नका.

हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. दोरीने घट्ट आवळू नका.

जखम कापू नका, चोखू नका. अंगठी, कडे, जोडवी काढून ठेवा.

१०८ नंबरला फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा.

आणि साप चावूच नये म्हणून काय करायचं? रात्री बॅटरी घेऊन निघा. कडब्याच्या गंजीत आधी काठी घाला, मग हात. शेतातल्या वस्तीवर खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा.

ओढ्यावर साप दिसला तर चार पावले मागे सरा. त्याला वाट द्या. तो आपल्या वाटेने जाईल, आपण आपल्या वाटेने घरी येऊ.