कंडक्टरची छडी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'मला आवडलेली व्यक्ती' या विषयावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं. मी एका कंडक्टरबद्दल बोलणार आहे. हसू नका, एसटीचा नव्हे! ऑपेरा म्हणजे साधारण आपल्या संगीत नाटकासारखा प्रकार. त्यातले गायक आणि वाद्यवृंद यांना छडीच्या इशाऱ्यावर एकत्र ठेवतो तो कंडक्टर. इटलीचे आर्तुरो तोस्कानिनी हे त्यातलं फार मोठं नाव.

१८६७ साली पार्मा शहरात एका शिंप्याच्या घरी ते जन्मले आणि चेलो वाजवायला शिकले. १८८६ मध्ये एका ऑपेरा कंपनीबरोबर ते ब्राझीलला गेले. रिओत व्हेर्दींच्या 'आयदा'चा प्रयोग होता. मूळ कंडक्टर वाद होऊन निघून गेलेले आणि बदली माणसाला प्रेक्षक उभं राहू देईनात. तेव्हा सोबत्यांनी या १९ वर्षांच्या चेलोवादकाला पुढे केलं. त्यांनी स्वरलिपीची वही न बघता अख्खा ऑपेरा पार पाडला. खरं तर त्यांना चेलोपुरतं आलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी सगळ्यांचं पाठ केलं होतं.

मी वीसएक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे प्रत्येकाला आपापला तुकडा ठाऊक असतो. रात्री दोन वाजता सिस्टीम बंद पडली, की सगळं ठाऊक असलेल्या माणसाची शोधाशोध सुरू होते. बऱ्याचदा तो मागच्या बाकावरचा, कमी बोलणारा निघतो.

दुसरा प्रसंग १९३१ चा, बोलोन्याचा. तोस्कानिनी तेव्हा ६४ वर्षांचे होते. हेच गृहस्थ १९१९ मध्ये मुसोलिनीच्या यादीतून निवडणुकीला उभे राहिले होते, पण पुढे त्यांचं मत पार बदललं. कार्यक्रमाआधी फॅसिस्टांचं गीत वाजवा, असा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला. नाट्यगृहाच्या दाराशी त्यांना थोबाडीत मारण्यात आली. त्यानंतर ती राजवट असेपर्यंत त्यांनी इटलीत छडी हातात धरली नाही. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं मिलानचं ला स्काला नाट्यगृह १९४६ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा मात्र ७९ वर्षांचे तोस्कानिनी तिथे उभे होते.

मध्यंतरी, चाचण्या अपुऱ्या असलेल्या एका कामावर 'तयार आहे' अशी सही करायला मला सांगण्यात आलं. मी केली नाही. थोबाडीत कुणी मारली नाही, त्या वर्षीची बढती तेवढी गेली. घरी कर्जाचे हप्ते चालू असताना 'नाही' म्हणणं किती जड जातं, हे आपल्या वयाच्या प्रत्येकाला कळेल.

मंडळी, आज आपण त्या १९ आणि ६४ च्या बरोबर मध्ये आहोत. तयारी असेल तर छडी उचलायची आणि मनाला पटत नसेल तर खाली ठेवायची, या दोन्ही गोष्टी अजून आपल्या हातात आहेत. आपली मुलं ते बघताहेत.

सर, बाई, तुमच्या छडीबद्दलही आम्ही आभारी आहोत!