निवृत्तीनंतरची परसबाग



नोकरीतून निवृत्त होऊन बारामती-इंदापूरकडे गावी परतलेल्या जोडप्याला दसऱ्यानंतरचा आठवडा पुरत नाही. भजन, बाजार, पाहुणे चालूच. पण परसातलं रानही वाट पाहतं. आधी खणून कुजलेलं शेणखत मिसळा, वाफे बांधा. धणे रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवून पेरा. मेथी एकदम पेरू नका. दर आठवड्याला एक वाफा पेरा, म्हणजे ताजी भाजी मिळत राहील.

एक मात्र ध्यानात ठेवा. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि पुढं अती पाण्यानं कित्येक काळी रानं खारवट झाली. वाफ्यावर पांढरा थर दिसला तर पाणी आवरा, निचऱ्याला चर काढा. तिथं पालक लावा; तो खारटपणा बराच सोसतो.