पडद्यावरचा वर्ग आणि दारापुढचे तळे

ज्या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले जाते, त्याच्या इमारतीला एक विशिष्ट वास असतो. बरण्यांतील बेडूक, दाबून वाळवलेली पाने, फॉर्मेलिन आणि ओली लाकडी टेबले यांचा मिळून तो झालेला असतो. हा विषय घेतलेला मनुष्य पुढे कारकून होवो वा कलेक्टर, तो वास त्याला जन्मभर ओळखता येतो. आता मात्र पर्यावरणाचे जीवशास्त्र अशा वर्गात शिकवले जाऊ लागले आहे, की ज्याला वासच नाही. बंगळूरमधील एखाद्या भाड्याच्या खोलीत, दिवसाची नोकरी आटोपून, एक विद्यार्थिनी रात्री दहा वाजता संगणकापुढे बसते. अन्नसाखळी, नायट्रोजनचे चक्र, परिसंस्थेतील ऊर्जेचा प्रवाह ही व्याख्याने ती ऐकते आणि आठवड्याच्या शेवटी चार पर्यायांतून एक उत्तर निवडून धाडते. तिला पर्यावरण समजते आहे, की पर्यावरणाविषयीचे शब्द पाठ होत आहेत, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडावा.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा पाठ्यक्रम प्रत्यक्ष येण्यास मात्र २००३ साल उलटावे लागले. सरकारी कामाची गती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. त्याच २००३ साली सात आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल हा दूरस्थ व्याख्यानांचा उपक्रम आरंभिला. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. २०२० साली महाविद्यालयांना टाळे लागले आणि पडद्यावरचा वर्ग हा अपवाद न राहता नियम झाला. २०२१ पासून तर एखाद्या सत्रातील श्रेयांकांपैकी ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक या मार्गाने मिळवण्याची मुभा विद्यापीठांना आहे.

या वर्गाला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. गडहिंग्लजच्या किंवा बिदरच्या विद्यार्थ्याला विज्ञान संस्थेतील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकण्याची दुसरी कोणती सोय होती? न समजलेले वाक्य पुन्हा ऐकता येते. गुरुजींना तिसऱ्यांदा विचारण्याचा संकोच येथे नसतो. संकल्पना समजावून देण्याचे काम पडदा चांगले करतो, कित्येकदा कंटाळलेल्या अध्यापकापेक्षा चांगले करतो.

उणीव राहते ती दुसरीकडे, आणि ती बंगळूरच्या तळ्यांवरून चटकन ध्यानात येते. या शहराला मोठी नदी नाही. पूर्वीच्या लोकांनी उतारावर एकाखाली एक अशी तळी बांधली. वरच्या तळ्याचे जादा पाणी ‘कोडी’ म्हणजे सांडव्यावरून ‘राजकालुवे’ या ओढ्यात आणि तेथून खालच्या तळ्यात जाई. शहर वाढले तसे त्याच वाटांनी सांडपाणी वाहू लागले. मार्च २०१६ मध्ये हलसूर तळ्यात हजारो मासे मरून वर आले. बेळ्ळंदूर तळ्यावर साबणाचा फेस इतका चढे, की तो वाऱ्याने उडून रस्त्यावर येई; २०१७ आणि २०१८ साली तर त्या तळ्याच्या परिसरात आगी लागल्या. पाण्यात आग ही आपल्याकडे पुराणातली कल्पना होती, ती वर्तमानपत्रात वाचावी लागली.

आता मासे का मरतात? विषाने, असे कोणीही म्हणेल. पण पुष्कळदा कारण निराळे असते. सांडपाण्याबरोबर नत्र व स्फुरद येतात, त्यांवर शेवाळ माजते आणि पाणी हिरवे होते. दिवसा सूर्यप्रकाशात हेच शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी मोजले तर पाणी निरोगी वाटावे. रात्री मात्र शेवाळ, मासे आणि मैला कुजवणारे जिवाणू असे सर्वच श्वास घेतात, भर घालणारे कोणी नसते. प्राणवायूचा साठा पहाटे, सूर्योदयाच्या आधी, तळाला जातो. त्यात उन्हाळा असला की आणखी कठीण, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. दुपारी बारा वाजता नमुना घेऊन जाणाऱ्या तपासनिसाला पहाटेचे मरण दिसत नाही.

ही गोष्ट पडद्यावर पाच मिनिटांत सांगून होते. पण जी विद्यार्थिनी एकदा पहाटे व एकदा दुपारी त्याच काठावर बाटली भरते आणि दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिते, ती हे विसरत नाही. आणि ते तळे तिच्या खोलीपासून कदाचित वीस मिनिटांवर आहे. दूरस्थ शिक्षणाची गंमत अशी, की त्यात विद्यार्थी अध्यापकापासून दूर असतो, परिसंस्थेपासून नव्हे. एका वर्गातील साठ मुलांना सहलीत एकच तळे दिसते. विखुरलेल्या साठ मुलांपाशी साठ जागा असतात.

ही केवळ कल्पना नाही. पुण्यात जन्मलेल्या माधव गाडगीळ यांनी विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये परिसर विज्ञान केंद्र उभे केले. १९९० च्या दशकात त्या केंद्राच्या पुढाकाराने पश्चिम घाटाच्या परिसरातील महाविद्यालयांचे एक जाळे विणले गेले. पदवीला शिकवणारे अध्यापक व त्यांचे विद्यार्थी आपापल्या टापूतील झाडे, पक्षी, फुलपाखरे यांच्या नोंदी करीत. इंटरनेट त्या वेळी घरोघरी नव्हते. पत्रे होती, एस. टी. होती. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगाव लोकांनी ठेवावयाच्या जैवविविधता नोंदवह्या आल्या, त्यांची मुळे याच विचारात आहेत. आज बंगळूरहून चालणाऱ्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात लोक दर आठवड्याला एकाच झाडाची पालवी, फुले व फळे नोंदवतात.

अडचण आहे ती विश्वासाची. तक्ता भरायचा म्हटला की आपल्याकडे तो घरी बसून भरला जातो, हे कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पाऊस न मोजता पाऊस लिहिणारे तलाठी सर्व काळी होते. म्हणून नोंदीला गुण द्यायचे, तर ती पडताळणारा माणूस हवा: जवळच्या महाविद्यालयातील एखादा अध्यापक, जो महिन्यातून एकदा त्या काठावर सोबत उभा राहील आणि खंड्या व बंड्या यांतला फरक दाखवील. या माणसाच्या मानधनाची तरतूद करावी लागेल. ती टाळून नुसती व्याख्याने वाढवली, तर प्रमाणपत्रे वाढतील आणि कोडीवरचा फेसही वाढेल.

साधने मात्र महाग नाहीत. पाण्याचा गढूळपणा मोजणारी सेक्की थाळी १८६५ साली एका इटालियन धर्मगुरूने, तेही मूळच्या खगोलशास्त्रज्ञाने, भूमध्य समुद्रावर वापरून दाखवली. वीतभर रुंदीची पांढरी थाळी, दोरी आणि दोरीला गाठी, एवढेच ते यंत्र. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठ मोजायची. बंगळूरमधील पुष्कळ तळ्यांना आता कुंपण आहे, पण फाटक सकाळी फिरावयास येणाऱ्यांसाठी उघडते. त्या वेळी एखादी मुलगी गाठी मोजताना दिसली, तर फिरणारे थांबून विचारतील, की बाई, हे काय चालले आहे? तेव्हा तिला रात्री ऐकलेले व्याख्यान आपल्या शब्दांत, आणि बहुधा कन्नडमध्ये, सांगावे लागेल.