'शोले'चा कापलेला शेवट



कापलेले प्रसंग परत जोडले, की सिनेमा चांगला होतो का?
सगळ्यांच्या ओळखीचा सिनेमा घेऊया. 'शोले'.
त्यातलं रामगड गाव उभं राहिलं आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूजवळच्या रामनगरात.

'शोले' आला १९७५ साली.
तेव्हा देशात आणीबाणी होती.
दिग्दर्शक रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर डाकू गब्बरला ठार मारतो.
माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यावा, हे सेन्सॉरला मान्य नव्हतं.
मग ऐनवेळी पोलीस आले, आणि गब्बर वाचला!

२०२५ मध्ये जुनी प्रत दुरुस्त झाली.
मूळ शेवट परत आला.
सूड घेतल्यावर ठाकूर ढसाढसा रडतो.
माझ्या मते हा शेवट सरस आहे.
कारण तो कथेचाच होता, बाहेरून लादलेला नव्हता.

पण जोडलेलं सगळंच सरस, असं नाही.
आता आपला सचिन पिळगावकरच बघा.
तो 'शोले'त इमामसाहेबांचा मुलगा अहमद होता.
गब्बर अहमदला मारतो, तो प्रसंगही चित्रित झाला होता.
१९७५च्या 'शोले'त तो प्रसंग नव्हता.
तिथं गब्बर हातावरची मुंगी चिरडतो.
पुढच्याच प्रसंगात घोडा अहमदचं प्रेत घेऊन गावात येतो.
मधलं सारं आपल्याला कळतं; तो प्रसंग जोडायची गरजच नाही.

म्हणजे पुन्हा तेच, श्रोतेहो.
जोडलेलं सगळंच सरस नसतं.
ठाकूरचा शेवट हवाच होता.
अहमदसाठी मात्र ती मुंगी पुरेशी होती.